औषध कंपन्यांवरची ब्लॅक कॉमेडी खोटी का वाटते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. औषधांचा धंदा आणि मूठमूठ गोळ्या खाणारी माणसं यांच्यावर तुम्ही दोन अंकी ब्लॅक कॉमेडी लिहिलीय, त्यात कंपनीचा मालक बोर्डरूममध्ये बसून एक आजारच बनवतो, मग त्यावरची गोळी काढतो, ती खाऊन सगळं शहर भुतासारखं फिरायला लागतं आणि शेवटी एक शूर डॉक्टर भांडाफोड करते. वाचनाला लोक सुरुवातीला हसले, मग गप्प झाले आणि नंतर कोणीतरी म्हणालं की "जरा जास्तच होतंय." आता तुम्ही विचारताय की अतिशयोक्ती कमी करू का, आणि खऱ्या कंपन्यांची नावं घेऊ का.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सुरुवातीला एका औषध कंपनीच्या ब्रँड टीममध्ये होते, नंतर बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे दाखल झालेल्या पेशंटने घरून आणलेली गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायची आणि कुठली गोळी कोणी, कधी, कशासाठी सुरू केली ते शोधत बसायचं. त्यामुळे नाटकवाले ओळखीचे लोक स्क्रिप्टमधलं औषधांचं तपासायला माझ्याकडे देतात. नाट्यशास्त्र मला येत नाही, पण या विषयावरची स्क्रिप्टं कुठे आपटतात ते एव्हाना कळायला लागलंय.

अतिशयोक्ती राहू द्या हो. गडबड ही आहे की तुमच्या नाटकात एकाच माणसाला सगळं माहितीये आणि बाकी सगळे बावळट आहेत. प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की वाईट कोण, मग उरलेला वेळ त्याने करायचं काय? प्रत्यक्षात मी जे बघितलंय ते बरोबर उलटं आहे, सगळे हुशार, बहुतेकांची नियत साफ, प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबर तेच केलेलं, आणि तरी पेशंटच्या गोळ्यांची यादी पानाच्या मागच्या बाजूला गेलेली. हसू तिथे आहे आणि भीतीही तिथेच आहे.

अर्थात तुम्हाला नाटक कोणासाठी करायचंय यावर बरंच अवलंबून आहे. प्रेक्षक डॉक्टर-नर्स मंडळी असतील तर बारकावे चालतील, उलट तेच जास्त हसतील. सर्वसाधारण प्रेक्षक असेल तर औषधांची नावं तीन-चारच ठेवा, पण ती पुन्हा पुन्हा येऊ द्या. आणि तुम्हाला लोकांना कंपन्यांवर चिडवायचंय की स्वतःकडे बघून हसवायचंय हे आधी ठरवा. मी स्वतःकडे बघून हसवण्याच्या बाजूने बोलतेय हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, खोटा आजार बनवण्याचा जोक काढून टाका, तो आधीच होऊन गेलाय. २००६ मध्ये १ एप्रिलला बीएमजे या वैद्यकीय जर्नलने बातमी छापली की शास्त्रज्ञांना नवीन आजार सापडलाय, काही करावंसंच न वाटण्याचा, म्हणजे शुद्ध आळशीपणाचा, आणि त्यावर औषधही येऊ घातलंय. तारीख बघा, एप्रिल फूल होतं ते. तरी काही ठिकाणी ती खरी बातमी म्हणून चालली. दुसऱ्याच वर्षी जस्टीन कूपर नावाच्या कलाकार बाईंनी हॅविडॉल नावाच्या खोट्या औषधाचं प्रदर्शन मांडलं, गुळगुळीत जाहिराती, वेबसाइट, सगळं खऱ्यासारखं. आजार कुठला, तर आहे त्यात समाधान नसणं. आता तुमचा मालक याच्यापुढे काय करणार? प्रेक्षकाला हे किस्से माहीत नसतील, पण त्याने खऱ्या जाहिराती बघितलेल्या असतात, त्यामुळे खोटा आजार त्याला मिळमिळीतच लागतो.

खरे आजार वाढतात ते रेषा सरकवून, आणि इथे तुम्हाला फर्स्टक्लास सीन मिळतोय. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिसच्या तज्ज्ञ समितीने उपाशीपोटी साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. २००३ मध्ये त्याच्याही आधीची पायरी, ज्याला आपण प्रीडायबेटिस म्हणतो, ती ११० वरून १०० वर आली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी हाय बीपीची रेषा १४०/९० ऐवजी १३०/८० केली आणि तिथल्या प्रौढांमधलं हाय बीपीचं प्रमाण साधारण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. रात्री निरोगी झोपलेला माणूस सकाळी पेशंट म्हणून उठला, आणि त्याच्या शरीरात काडीचाही फरक पडलेला नाही! आता खरं सांगायचं तर या बदलांमागे अभ्यास होते, आणि २०१७ च्या नव्या पेशंटपैकी बहुतेकांना गोळी नको, फक्त खाणं-व्यायाम सुधारा असंच सांगितलेलं होतं. हे नाटकात लपवू नका, उलट वापरा. समितीतला सज्जन म्हातारा म्हणतो, "बहुतेकांना गोळीची गरज पडणार नाही," आणि मागे बसलेला मार्केटिंगवाला "बहुतेकांना" या शब्दाखाली रेघ मारतो.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हाडांचं आहे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने हाडांची घनता मोजायची पट्टी ठरवली. निरोगी तरुण बाईची सरासरी म्हणजे शून्य, उणे अडीच आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि उणे एक ते उणे अडीच याला नाव दिलं ऑस्टिओपेनिया. हे मधलं नाव मुळात लोकसंख्येचा अभ्यास सोपा व्हावा म्हणून होतं, कोणाला औषध सुरू करायला नव्हतं. पण गणित बघा, सरासरीपासून उणे एकच्या खाली कुठल्याही निरोगी गटातले सुमारे १६ टक्के लोक येतातच. म्हणजे ज्या तरुण, धडधाकट बायकांवरून पट्टी बनवली त्यांच्यातलीच साधारण सहातली एक तपासणी टेबलावरून "हाडं पातळ" हे ऐकून उठणार. यात कोणी खोटं बोललेलं नाहीये. असा सीन लिहायला मिळाला तर मी मालकाचं पात्रच फाडून टाकेन.

रेषा सरकवून भागलं नाही तर वेष्टन बदलतात. एली लिली कंपनीच्या प्रोझॅक या डिप्रेशनवरच्या औषधाचं पेटंट संपत आलं तेव्हा २००० मध्ये त्यातलंच फ्लुऑक्सेटिन पाळीच्या आधीच्या तीव्र मानसिक त्रासासाठी साराफेम या नावाने अमेरिकेत आलं, कॅप्सूल गुलाबी आणि जांभळट. औषध तेच. त्या त्रासाने खरोखर हैराण होणाऱ्या बायका आहेत आणि काहींना या औषधाने बरं वाटतं, ते नाकारू नका. पण रंग ठरवायची जी मीटिंग झाली असेल ती डोळ्यांसमोर आणा. तिथे कोणीही दुष्टासारखं हसलं नसणार, कोणीतरी अगदी मन लावून म्हणालं असणार की हा जांभळा जरा उदास वाटतो.

मीटिंगचा विषय निघालाय तर तुमच्या बोर्डरूमच्या संवादांबद्दल. "लोकांना आजारी पाडा, हा हा हा" असं तिथे कोणी म्हणत नाही. तिथली भाषा इतकी गोड असते की महिन्याभरात आपणही तीच बोलायला लागतो. आजाराला "अनमेट नीड" म्हणतात. जाहिरातीला "डिसीज अवेअरनेस". माणूस पहिल्यांदा कण्हल्यापासून आयुष्यभर गोळी घेईपर्यंतच्या प्रवासाला "पेशंट जर्नी", गोळी सोडणाऱ्याला "ड्रॉप-ऑफ", आणि ज्याचं बाकीचे डॉक्टर ऐकतात त्या मोठ्या डॉक्टरला "केओएल". या शब्दांत संवाद लिहा आणि नटांना सांगा की प्रामाणिकपणे बोला, बास. एखादा ट्रेनी भोळेपणाने विचारू दे, "पेशंट बरा झाला तर जर्नीचं काय होतं?" आणि सगळी खोली शांत. हे मी मनाने नाही सांगत, २०१८ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या एका रिपोर्टमध्ये हाच प्रश्न गंभीरपणे विचारला होता, पेशंटला पूर्ण बरं करणं हे टिकाऊ बिझनेस मॉडेल आहे का. उदाहरण होतं हेपटायटिस सीच्या औषधांचं, ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त पेशंट बरे होतात. बरा झालेला परत येत नाही, वर तो दुसऱ्याला लागणही देत नाही, विक्री घसरायचं ते एक कारण. डॉक्टर म्हणून हे वाचलं तर टाळ्या, गुंतवणूकदार म्हणून वाचलं तर घाम.

एमआरचं, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून कंपनीची औषधं खपवणाऱ्याचं, पात्र तुम्ही लबाड कोल्हा केलंय, तेही बदला. तो बिचारा टार्गेटखाली दबलेला असतो. मर्क कंपनीच्या व्हायॉक्स या पेनकिलरचा इतिहास वाचा. २००० च्या मोठ्या चाचणीत नेप्रोक्सेन हे दुसरं पेनकिलर घेणाऱ्यांपेक्षा व्हायॉक्स घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त आले, तर कंपनीचा खुलासा असा की आमच्या औषधाने अपाय होत नाहीये, नेप्रोक्सेनच हृदयाला वाचवतंय. या औषधाच्या एमआर लोकांच्या ट्रेनिंगमध्ये डॉजबॉलच्या नावाचं एक मटेरियल होतं, डॉक्टर विचारतील ते अवघड प्रश्न त्यात लिहिलेले आणि शेवटच्या काही पानांवर मोठ्या अक्षरांत फक्त "डॉज!", म्हणजे चुकवा. अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीत ते बाहेर आलं. औषध २००४ च्या सप्टेंबरमध्ये बाजारातून काढलं. तुमच्या नाटकात एमआर चुकवतो तेव्हा त्याला सुचलेलं हजरजबाबी उत्तर देऊ नका, त्याला गोंधळून पान उलटू द्या.

आणि डॉक्टर? ते विकले गेलेत असं दाखवलंत तर डॉक्टर प्रेक्षक उठून जातील आणि ते बरोबरच असेल. २००१ मध्ये अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांचा एक छोटा सर्व्हे प्रसिद्ध झाला. ६१ टक्के म्हणाले, कंपनीच्या भेटी आणि जेवणांचा माझ्या प्रिस्क्रिप्शनवर काही परिणाम होत नाही. पण बाकीच्या डॉक्टरांवरही तो होत नाही असं वाटणारे फक्त १६ टक्के. मी स्वच्छ आहे, शेजारच्याचं सांगता येत नाही. हे एक वाक्य तुमच्या नाटकातल्या प्रत्येक पात्राला लागू करून बघा, पेशंटसकट.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. तुमच्या नाटकात गोळ्यांचा ढीग आहे पण ढीग झाला कसा ते कुठेच नाही. माझ्या कामात ढीग जवळजवळ कायम एकाच रस्त्याने येतो, एका औषधाचा दुष्परिणाम कोणीतरी नवीन आजार समजतो आणि त्याला दुसरं औषध लावतो. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोघांनी १९९७ मध्ये बीएमजेत यावर लेख लिहिला, आम्ही त्याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतो. समजा तुमच्या नाटकात एक आजी आहेत. गुडघे दुखतात म्हणून रोज पेनकिलर. पेनकिलरने बीपी वाढू शकतं, ते वाढतं, दुसरा डॉक्टर अ‍ॅमलोडिपिन देतो. अ‍ॅमलोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, तिसरा म्हणतो पाणी साठलंय, लघवीची गोळी घ्या. लघवीच्या गोळीने रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि एके दिवशी त्याचे खडे साठून होणारा गाऊट उसळतो, कुठे, तर सांध्यात, आणि आजी चौथ्या डॉक्टरला सांगतात की गुडघा दुखतोय. तो काय देतो? पेनकिलर! वर्तुळ पूर्ण, आणि चारही डॉक्टरांनी समोर जे दिसलं त्यावर पुस्तकातलं उत्तर दिलंय.

इथे थांबू नका, कारण आजी थांबत नाहीत. लघवीच्या गोळीने रात्री उठावं लागतं, झोपमोड होते, मग झोपेची गोळी. झोपेच्या गोळीच्या गुंगीत रात्री दोनला बाथरूमकडे जाताना पडतात. हाड मोडलं, हाडांचं औषध सुरू. इतक्या गोळ्यांनी पोटात जळजळ, तर अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि ती बंद करायला गेलं की काही दिवस अ‍ॅसिड आधीपेक्षा जास्त उसळतं, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटते की आजींना ती लागतेच. झोपेच्या गोळीने विसरायला होतं, तर कोणीतरी स्मरणशक्तीचं डोनेपेझिल देतं. त्याने लघवीवरचा ताबा सुटू शकतो, तर त्यावर ऑक्सिब्युटिनिन. आता गंमत अशी की डोनेपेझिल शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे नसांचे निरोप पोचवणारं रसायन, वाढवतं आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतं. दोन गोळ्या सकाळी एकाच घोटाबरोबर आत जातात आणि दिवसभर एकमेकींशी भांडतात, बिल दोघींचं. रचलेलं वाटेल, पण या जोडीवर अभ्यास झालेले आहेत आणि मी ती पिशव्यांमधून काढलेली आहे. तसंच उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने हात थरथरायला लागले आणि पार्किन्सन समजून लेव्होडोपा सुरू झालं, असं अमेरिकेत मोठ्या आकडेवारीतून १९९५ मध्येच दाखवलंय.

हे रंगमंचावर कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण माझी सूचना अशी की प्रत्येक डॉक्टर वेगळ्या नटाने करू नका, एकच नट कोट बदलून येऊ दे, आणि तो कधीच आधीची यादी वाचत नाही. वाचायला वेळच नसतो हो, बाहेर रांग आहे. आणि नातवंडांना विसरू नका, कारण गोळी न देता परत पाठवणाऱ्या डॉक्टरवर घरी येऊन सगळ्यात जास्त चिडतात ती घरचीच माणसं. "नुसतं बोलून पाठवलं, औषध काहीच नाही दिलं." हे वाक्य आलं की प्रेक्षागृहात अस्वस्थ हालचाल होते, हमखास.

काळेपणा हवाच असेल तर वेदनाशामकांकडे या. पर्ड्यू फार्माने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं पेनकिलर आणलं, डॉक्टरांना मासेमारीच्या टोप्या, मऊ खेळणी आणि गाण्यांच्या सीडी वाटल्या, हे अमेरिकन सरकारच्या तपासणी अहवालात आहे. त्या काळात डॉक्टरांना एक संकल्पना शिकवली जायची, खोटं व्यसन. पेशंट व्यसनी माणसासारखा वागतोय, गोळ्या मागतोय, वेळेआधी येतोय? घाबरू नका, त्याचं दुखणं नीट शमलेलं नाही, डोस वाढवा. असा संवाद मला जन्मात सुचला नसता. पुढे २००७ मध्ये पर्ड्यूच्या सहयोगी कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विक्री चालू राहिली. आणि २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल मॅचमध्ये, जिथे कोट्यवधी लोक टीव्हीसमोर असतात, जाहिरात झळकली ती या प्रकारच्या पेनकिलरमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेची, गोळीचं नाव न घेता, पण तिच्यावरची गोळी विकणाऱ्या कंपन्यांनी दिलेली. एका गोळीचा दुष्परिणाम घेऊन हिंडणारे लोक इतके झाले होते की तीच एक बाजारपेठ झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या नावानिशी टीव्हीवरच्या जाहिराती मुळात अमेरिका आणि न्यूझीलंड या दोनच देशांत चालतात, तेव्हा तुमचं नाटक दुसरीकडे घडत असेल तर टीव्हीची जाहिरात घालू नका, तिथे हेच काम "जनजागृती शिबिर" करतं.

खऱ्या नावांचं म्हणाल तर कोर्टात कबूल झालेलं किंवा सरकारी अहवालात छापलेलं नाव घेऊन बोलता येतं, पण तुमची कंपनी काल्पनिक आहे तर ती काल्पनिकच राहू द्या, नाहीतर नाटकाऐवजी वकिलाकडे फेऱ्या. नेमकं कुठे काय चालतं हे तिथल्या वकिलालाच विचारा, ते माझं क्षेत्र नाही.

एक गोष्ट मात्र मी भांडून सांगेन. तुमच्या दुसऱ्या अंकात नायिका सगळ्या गोळ्या गटारात ओतते आणि टाळ्या पडतात. ते काढा. प्रेक्षकांत हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस बसलेला असतो, इन्शुलिनवरची मुलगी असते, फिट्सचं औषध घेणारा असतो, आणि त्यांच्या गोळ्यांनीच ते तुमचं नाटक बघायला जिवंत आहेत. झोपेच्या काही गोळ्या, बीपी-हृदयासाठीचे बीटा ब्लॉकर, स्टेरॉइड, डिप्रेशनची औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं किंवा फार त्रास होतो. गोळ्या कमी करणं हेच तर माझं काम आहे आणि ते भयंकर रटाळ असतं, एका वेळी एक, हळूहळू डोस उतरवत, डॉक्टरशी बोलून, मध्ये पेशंट कसा आहे ते बघत. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी मार्क बिअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्येच केली, अजून ती सुधारून निघते, आणि अजून त्या यादीतल्या गोळ्या पिशव्यांतून निघतात. हा रटाळपणाच विनोदी करता येतो. नायिका पाच डॉक्टरांना फोन करत बसलीय की ही गोळी कोणी सुरू केली, प्रत्येक जण म्हणतो मी नाही, पण आधीच्यांनी काही विचार करूनच दिली असेल, तेव्हा चालू ठेवा.

म्हणून शेवटचा भांडाफोडही नको. पहिल्या अंकातल्या बोर्डरूमचे सीन अर्धे करा, आजींच्या घरात जास्त वेळ घालवा, सगळ्यांना शहाणं करा. आणि प्रयोगाआधी स्क्रिप्ट एखाद्या फार्मासिस्टला आणि एखाद्या भरपूर गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठ माणसाला वाचायला द्या. दोघं एकाच ठिकाणी हसले तर तो सीन ठेवा, आणि फार्मासिस्ट एकटाच हसला तर त्यातली औषधांची नावं कमी करा. दुसरा अंक बदलून झाला की पाठवा, कॅस्केडमधले डोस आणि क्रम मी तपासून देईन.